मधुमेह आणि वृद्धांची स्मृति

(महोत्सवानिमित्त शाहूवाडी येथें भरलेल्या वडीलधाऱ्यांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंडळानें आम्हांस भाषण करण्याविषयीं विनंती केली, तेव्हां आम्हीं या धर्मग्रामाचा इतिहास सांगावा अशी त्यांची इच्छा होती. तो इतिहास छापून निघणारच आहे; शिवाय तो आमच्यापेक्षां आपणांसच अधिक ठाऊक आहे. पहिली शाळा कोणाच्या पडवींत भरली, घंटा कोणीं वाहून आणली, कोणत्या पावसाळ्यांत नदीला पूर येऊन मिस्सा राहिली, हें सर्व आपल्या पिढीच्या डोक्यांत सांठवलेलें आहे. परंतु त्या सांठ्यालाच अलीकडे गळती लागल्याचें आम्ही घरोघर पाहत आहों, आणि ती गोष्ट आमच्या मनास फार दिवस बोंचत आहे. म्हणून मंडळाची परवानगी घेऊन आम्हीं विषय बदलला. रक्तांतील साखर आणि म्हातारपणची आठवण या दोहोंचें नातें काय, हा आजचा विषय होय. आम्ही वैद्य नव्हों. सेमिनरींत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविलें, धर्मशास्त्र शिकविलें; स्वादुपिंड कोठें असतें तें कोणीं शिकविलें नाहीं. जें सांगणार आहों तें डॉक्टर मंडळींस विचारून व वाचून मिळविलेलें आहे, आणि कांहीं थोडें स्वतःच्या चुकीनें शिकलेलें आहे. त्या चुकीपासूनच आरंभ करितों.

आमच्याकडे एका वाडीवर एक आजी आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढें. मधुमेह जुना, पंधरा-वीस वर्षांचा. दर रविवारीं कोसभर वाट तुडवून त्या पहिल्या मिस्सेला येत, आणि तोंडांत पाण्याचा थेंब न घालतां येत. मिस्सेपूर्वीं जपमाळ सांगण्याचा मान त्यांचा. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्या एकच रहस्य दोनदां घेऊं लागल्या. कधीं तिसरें संपवून पुन्हा दुसऱ्यावर येत. मागच्या बाकावरचीं पोरें खुदखुदत. एकदां दुकानीं उधारीचे पैसे त्या दोनदां देऊन आल्या. दुकानदार भला माणूस, त्यानें ते परत आणून दिले. त्यावरही सगळे हंसले. आम्हीही मनांत म्हणत असूं, वय झालें, हें असें चालावयाचेंच.

आषाढांतला रविवार होता. इकडचा पाऊस आपणांस सांगावयास नको. आंबा घाटाकडून वारा सुटला होता आणि मंडळी अंगाभोंवतीं जें मिळेल तें गुंडाळून बसली होती. अशा गारठ्यांत आजींच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या. शेजारच्या मुलीस त्या कांहींतरी टाकून बोलल्या. जन्मांत कोणास वांकडा शब्द बोलल्या नाहींत अशा त्या बाई. मग त्या बाकावरच कलंडल्या. परिचारिकेचें शिक्षण घेत असलेली एक मुलगी सुदैवानें त्या दिवशीं गांवीं आली होती. शुद्ध पुरती हरपलेली नाहीं व घोंट गिळतां येतो आहे असें पाहून तिनें साखरेचें पाणी चमच्या-चमच्यानें पाजलें. पाव तासानें आजी उठून बसल्या व विचारूं लागल्या, "मिस्सा झाली व्हय?"

आम्हीं विचारलें, "आजी, सकाळीं साखरेची गोळी घेतली होती काय?"

"घेतली की फादर. इसरायला होतंय म्हनून दोनदा घेतली."

तें उत्तर आमच्या कानांतून अद्याप गेलेलें नाहीं. विसरण्याच्या भयानें औषध दुप्पट झालें, आणि पोटांत अन्नाचा कण नव्हता. आणखी एक गोष्ट सांगावयास लाज वाटते, तरी सांगितली पाहिजे. त्याच्या आदल्या उपवासकाळांत आम्हीं वेदीवरून तरुण मंडळींस याच आजींच्या कडकडीत उपवासाचा दाखला दिला होता.

मधुमेह आपल्या देशास नवा नाहीं. आपल्या जुन्या वैद्यांनीं तो ओळखला, त्यास नांव दिलें, आणि रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात हेंही त्यांनीं टिपून ठेविलें. परंतु या रोगाचें रोजचें औषध म्हणावें असें कांहीं हातीं आलें तें फार अलीकडे. १९२२ च्या जानेवारींत कॅनडांतील टोरोंटो येथें एका चौदा वर्षांच्या मुलास प्रथम इन्सुलिन टोंचलें गेलें. पुढें गोळ्याही निघाल्या, आणि मधुमेही माणसें सत्तर-ऐंशी वर्षें जगूं लागलीं. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र इतकीं वर्षें साखर अंगांत वागविल्यावर मेंदूवर तिचा काय परिणाम होतो, हें पाहण्याची पाळीही त्यामुळेंच आपल्या पिढीवर आली आहे.

ही पाळी किती घरांवर आली आहे तें थोडक्यांत सांगतों. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशभर झालेल्या पाहणीचा अहवाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लाख, आणि उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची १३ कोटी ६० लाख अशी काढलेली आहे. त्याच वर्षीं वृद्धांच्या स्मृतीविषयींही एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ती ज्या राष्ट्रीय पाहणीच्या पोटांत झाली तिचें काम मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. तिच्या हिशोबानें साठ वर्षांवरील भारतीयांत शेंकडा ७.४ जणांस, म्हणजे सुमारें ८८ लाख माणसांस, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षां स्त्रियांत, शहरापेक्षां खेड्यांत, आणि शिकलेल्यांपेक्षां न शिकलेल्यांत तो अधिक आढळला. हें वाचतांना आम्हांस त्या आजीच डोळ्यांपुढें दिसल्या.

आतां एकाचा दुसऱ्याशीं संबंध कसा, तें पाहूं. मेंदू हा शरीराच्या वजनाचा शेंकडा दोन भाग. परंतु शरीर जी शक्ति खर्च करितें तिचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा घेतो, आणि त्याचें इंधन मुख्यतः रक्तांतील साखर हेंच आहे. त्याच्यापाशीं म्हणण्यासारखें कोठार नाहीं. पुरवठा घडोघडीं लागतो. ज्यांनीं गुऱ्हाळ चालविलें आहे त्यांस हें समजणें सोपें आहे. काहिलीखालचा जाळ वाढला तर पाक करपतो, कमी पडला तर गूळ धरत नाहीं. म्हणून गुळव्या काहिलीपासून हलत नाहीं. निरोगी शरीरांत तें गुळव्याचें काम इन्सुलिन करितें. मधुमेहांत गुळव्या अशक्त तरी होतो, किंवा त्याचें कोणी ऐकत तरी नाहीं.

साखर वर्षानुवर्षें चढती राहिली म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती बिघडतात. डोळ्यांच्या पडद्याचें नुकसान होतें, मूत्रपिंडें थकतात, तळपायाची जाणीव जाते, हें आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकलें आहे. परंतु तशाच बारीक वाहिन्या मेंदूंतही आहेत, हें कोणी सांगत नाहीं. उंसाला पाणी पाजणाऱ्यांनीं पाहिलें असेल, मोठा पाट भरून वाहत असतो, पण टोंकाच्या सरीच्या तोंडाशीं गाळ सांचला कीं तेवढ्यापुरता ऊंस पिवळा पडतो. मेंदूंतही तसेंच होतें. एखादा इवलासा भाग रक्तावांचून वाळतो. हात लुळा पडत नाहीं, तोंड वांकडें होत नाहीं, म्हणून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. असे दहा-वीस ठिपके झाले म्हणजे माणूस मंद होतो, हिशोबांत चुकतो, ओळखीच्या वाटेवर थबकतो. रक्तदाबही चढता असला तर हें काम अधिक वेगानें चालतें. याशिवाय, १९०६ सालीं जर्मन वैद्य अल्झायमर यांनीं ज्या स्मृतिभ्रंशाचें प्रथम वर्णन केलें, त्यांत मेंदूंत एका चिकट द्रव्याचे थर सांचतात. त्या द्रव्याचा निचरा करण्यांत आणि इन्सुलिनचा निचरा करण्यांत एकच पाचक रस राबतो असें आढळल्यामुळें, हे दोन रोग आंतूनही एकमेकांस जोडलेले असावेत असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. तें खोल पाणी आहे. आम्ही कांठावरच उभे राहतों.

हॉलंडांत रॉटरडॅम येथें पंचावन्न वर्षांवरील सहा हजारांहून अधिक लोकांवर लक्ष ठेवून १९९९ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा कीं, मधुमेह्यांस स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट आहे. पुढें अनेक देशांत झालेल्या अभ्यासांत हा आंकडा दीडपटीपासून दुपटीपर्यंत येत राहिला. लंडनच्या सरकारी नोकरांची १९८५ पासून पाहणी चालू आहे. तिच्यावरून २०२१ सालीं असें दिसून आलें कीं, मधुमेह जितका कमी वयांत जडतो तितका म्हातारपणीं स्मृतीस धोका अधिक, आणि दर पांच वर्षांच्या अलीकडेपणास तो सुमारें चतुर्थांशानें वाढतो. हें विशेषेंकरून मागें उभ्या असलेल्या चाळिशींतल्या मंडळींसाठीं आहे. आईबापांस तपासणीस घेऊन येतां, तें उत्तम. त्यांच्याबरोबर आपलेंही बोट पुढें करावें.

मात्र मधुमेह झाला म्हणजे स्मृति जाणारच, असें समजून कोणीं घरीं जाऊन रडत बसूं नये. ऐंशीव्या वर्षीं इन्सुलिन टोंचून घेणारे आणि तरीही अख्ख्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या तारखा तोंडपाठ सांगणारे एक आजोबा येथेंच पहिल्या रांगेंत बसले आहेत, आणि आमची एक तारीख चुकली ती त्यांनींच परवां दुरुस्त केली.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं एवढा प्रपंच मांडला, तिच्याकडे वळूं. साखर वाढण्याचें भय सर्वांस आहे. साखर उतरण्याचें भय फारच थोड्यांस आहे. वास्तविक म्हाताऱ्या मेंदूस दुसरें भय अधिक तातडीचें होय. साखरेच्या कांहीं गोळ्या अशा आहेत कीं त्या स्वादुपिंडास पिळून इन्सुलिन बाहेर काढावयास लावतात, मग पोटांत अन्न असो वा नसो. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या त्या जातींतल्या. टोंचून घेतलेल्या इन्सुलिनाचेंही तसेंच. जेवण चुकलें किंवा मात्रा दोनदां गेली कीं रक्तांतील साखर ओसरते आणि मेंदूची चूल विझूं लागते. तरुण माणसास घाम येतो, हातपाय कांपतात, भुकेनें जीव कासावीस होतो, व तो सावध होतो. म्हाताऱ्या शरीरांत हा इशारा कित्येकदां फार उशिरां येतो. माणूस नुसताच गोंधळतो, तोतरा बोलतो, चिडतो, भलतेंच कांहीं म्हणतो. आणि घरचे म्हणतात, म्हातारा आज बिघडला आहे, त्याच्या नादीं लागूं नका. आम्हांस अशीं दोन घरें ठाऊक आहेत कीं जेथें सासूची ही चिडचिड स्वभावाच्या खातीं मांडली गेली आणि वर्षभर अबोला चालला.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत १६,६६७ वयस्क मधुमेह्यांची बरींच वर्षें नोंद ठेवून २००९ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. साखर उतरून एकदां रुग्णालयांत जावें लागलेल्यांस पुढें स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारें चतुर्थांशानें अधिक, आणि तीन किंवा अधिक वेळां जावें लागलेल्यांस तो जवळजवळ दुप्पट, असें त्यांत दिसलें. येथें कोणी म्हणेल कीं स्मृति आधींच ढळली होती म्हणून साखर उतरली असेल. तेंही खरें असूं शकेल, आणि त्याविषयीं पुढें बोलणारच आहों. दुसरा एक प्रयोग अमेरिका व कॅनडा या देशांत झाला. मधुमेह्यांच्या एका गटाची साखर औषधांनीं अगदीं निरोग्याइतकी खालीं आणण्याची शर्थ केली. त्या गटांत मृत्यु अधिक होऊं लागल्यामुळें २००८ सालीं ती कडक चिकित्सा थांबवावी लागली, आणि २०११ सालीं स्मृतीच्या परीक्षांचे निकाल आले, त्यांत त्या गटास कांहींच लाभ झालेला आढळला नाहीं. म्हणून हल्लीं जाणते डॉक्टर वृद्धांच्या बाबतींत हट्ट धरीत नाहींत. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी जी रक्ताची तपासणी असते, तिचा आंकडा तरुण माणसांत सामान्यतः ७ च्या आंत ठेवावा असें सांगतात. परंतु थकलेल्या, अनेक आजारांनीं घेरलेल्या वृद्धास ८ च्या आंत असला तरी पुरे, असें ते मानतात. कोणत्या आजोबांस कोणता आंकडा, हें ठरविणें डॉक्टरांचें काम आहे. आमचें भाषण ऐकून कोणीं गोळी अर्धी करूं नये.

साखर उतरल्याची शंका आली तर काय करावें, तेवढें मात्र प्रत्येकास आलें पाहिजे. माणूस शुद्धीवर असेल व गिळूं शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून ताबडतोब पाजावी. पंधरा मिनिटांत बरें न वाटल्यास पुन्हा तेवढीच पाजावी. नंतर भाकरी, भात, जें घरांत असेल तें खाऊं घालावें. शुद्ध गेली असेल तर तोंडांत कांहींही ओतूं नये, तें श्वासनलिकेंत उतरेल. कुशीवर निजवून १०८ क्रमांकास फोन करावा.

पण मूळ अडचण निराळीच आहे, आणि ती आजींच्या त्या एका वाक्यांत सगळी आली आहे. मधुमेह स्मृतीस पोंखरतो. आणि मधुमेहाची सगळी चिकित्सा तर स्मृतीवरच उभी आहे. सकाळची गोळी, रात्रीची गोळी, जेवणाआधीं, जेवणानंतर, इन्सुलिनाचे आंकडे, पुढच्या तपासणीची तारीख. ज्याची आठवण शाबूत आहे त्यासही हें जड जातें. ज्याची ढळली आहे त्याच्या हातीं औषधाची डबी ठेवणें म्हणजे पेंगुळलेल्या गुळव्याच्या भरंवशावर काहील ठेवणें होय. औषध चुकतें म्हणून स्मृति अधिक ढळते, आणि स्मृति ढळते म्हणून औषध अधिक चुकतें. हें चक्र रोग्यानें स्वतः तोडावें असें म्हणणें अन्यायाचें आहे. तें दुसऱ्या कोणींतरी हात घालूनच तोडलें पाहिजे.

घरभेटीस गेलों असतां आम्ही अलीकडे देवघरापाशीं प्रार्थना झाल्यावर औषधाचा डबा पाहावयास मागतों. आरंभीं लोकांस नवल वाटे. बिस्किटांच्या जुन्या डब्यांत काय काय सांपडतें म्हणून सांगावें! तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या. दोन निरनिराळ्या नांवांच्या पाकिटांत एकच औषध, आणि दोन्ही चालू. मुलानें मुंबईहून पाठविलेलीं, वरची अक्षरें कापली गेलेलीं पट्ट्यांचीं तुकडे. आणि परलोकवासी झालेल्या यजमानांच्या गोळ्याही टाकवल्या नाहींत म्हणून तशाच. कोणती कशाची, असें विचारलें तर उत्तर येतें, "पांढरी सकाळची आन् गुलाबी रातची." औषधाच्या दुकानदारानें कंपनी बदलली कीं पांढरी गुलाबी होते, आणि मग सगळाच खेळ.

म्हणून आमची विनंती अशी कीं, ज्या घरीं साठीच्या पुढचें मधुमेही माणूस आहे तेथें औषध देण्याचें काम एका कोणाच्या अंगावर नेमून द्यावें. सात वारांचे सात कप्पे असलेली डबी औषधांच्या दुकानांत मिळते; न मिळाल्यास कागदाच्या पुड्या बांधून त्यांवर वार लिहावा. गोळी दिली कीं दिनदर्शिकेवर तारखेस रेघ ओढावी. रेघ असली तर गोळी गेली, नसली तर राहिली, मग आठवणीचें काम उरत नाहीं. सगळा डबा पिशवींत घालून वर्षांतून एकदोनदां एकाच डॉक्टरांपुढें ओतावा व यांतलें काय ठेवावें, काय टाकावें, तें विचारावें. हें करतांना म्हाताऱ्या माणसाचा मान जाऊं देऊं नये. आमच्या एका घरीं सासरे निवृत्त शिक्षक आहेत. चाळीस वर्षें ज्यांनीं दुसऱ्यांचीं हजेरी घेतली त्यांच्या हातांतून डबी काढून घेणें सोपें नव्हतें. त्या घरची सून फार शहाणी. ती म्हणाली, "मामंजी, तुमच्या गोळ्यांचं मी बघते, तुम्ही माझ्या पोराच्या पाढ्यांचं बघा." आतां रोज सायंकाळीं पाढे म्हटले जातात, आणि सतराच्या पाढ्यावर गोळी येते. पाढे कधींकधीं आजोबांचेच चुकतात. नातू दुरुस्त करतो व दोघे हंसतात.

हें सुनेचें काम, असें मात्र कोणीं गृहीत धरूं नये. आम्ही पाहतों, मुलगे पुण्यास, मुंबईस, गोव्यास. फोनवर सल्ला भरपूर, आणि रात्रीं उठून उघडें दार लावणारी, भिजलेलें अंथरुण बदलणारी, तोच प्रश्न विसाव्यांदा ऐकणारी सून किंवा अविवाहित मुलगी. तिलाही महिन्यांतून दोन दिवस माहेरीं जातां आलें पाहिजे. त्या दोन दिवसांत गोळी देण्यास शेजारचें कोणी यावें, हें धर्मग्रामाचें काम आहे असें आम्ही समजतों. जे वृद्ध अगदींच एकटे आहेत त्यांच्यासाठीं सरकारनें १४५६७ हा ज्येष्ठांच्या साहाय्याचा फोन क्रमांक ठेविला आहे.

खाण्यापिण्याविषयीं फार बोलत नाहीं. तें आपण पुष्कळदां ऐकलें आहे. एका समजुतीचा तेवढा समाचार घेतों. "साखर बंद केली फादर, आतां नुसता गूळ" असें म्हणणारीं माणसें या तालुक्यांत पावलोपावलीं भेटतात. कोल्हापूरच्या गुळास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तो आपला अभिमान आहे, आणि आम्ही त्यांत वांटेकरी आहों. परंतु गूळ बहुतांशीं साखरच आहे. रक्तांत शिरतांना तो आपलें गांव सांगत नाहीं. आणि मिश्री! दांतांस मिश्री लावून बसलेल्या बायांस आम्हीं ती तंबाखू आहे म्हणून सांगितलें तर त्या हंसतात. तंबाखूनें त्याच रक्तवाहिन्या आकसतात ज्यांचें साखरेनें आधींच नुकसान केलेलें असतें. आमचेंही सांगून टाकतों. घरभेटीस गेल्यावर प्रत्येक घरीं गोड चहा, आणि नाहीं म्हणावें तर घरधनीण रुसते. दोन वर्षांपूर्वीं आमचीही साखर उंबरठ्यावर आढळली. तेव्हां आतां आमच्यापुढें बिनसाखरेचा चहा ठेवावा; राग येणार नाहीं.

दुसरी एक गोष्ट डॉक्टरांस मुद्दाम विचारावी. विसराळूपणाचीं कांहीं कारणें अशीं आहेत कीं तीं दूर करतां येतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे कित्येक वर्षें मधुमेहाचा अभ्यास करीत आहेत. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना पुणें व भोंवतालच्या खेड्यांतील पुरुषांची तपासणी करतांना असें आढळलें कीं, त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या रक्तांत ब-१२ हें जीवनसत्त्व कमी आहे. हें जीवनसत्त्व दूध, अंडीं, मांस, मासे यांतून मिळतें, आणि तें फार कमी पडल्यास हातापायांस मुंग्या येतात व स्मृतीही मंदावते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी चांगली आहे, कोणीं ती सोडूं नये. परंतु वर्षानुवर्षें घेतली असतां तिच्यामुळें ब-१२ अंगीं लागणें कमी होतें. म्हणजे मधुमेही विसरूं लागला तर आधीं ही तपासणी करून घ्यावी. थायरॉइडची करावी. कान व डोळे तपासावे, कारण ज्यास ऐकूंच आलें नाहीं तो काय लक्षांत ठेवणार? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळानें २०२४ सालीं स्मृतिभ्रंशाचीं टाळतां येण्याजोगीं चौदा कारणें सांगितलीं आहेत. त्यांत मधुमेह आणि रक्तदाब आहेत तसेंच बहिरेपण आहे, अधू दृष्टि आहे, आणि एकटेपणही आहे. तीं चौदाही दूर झालीं तर जगांतील जवळजवळ निम्मा स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्या मंडळाचा अंदाज आहे. आमच्या आजींचें ब-१२ फार उतरलेलें निघालें. इंजेक्शनें दिलीं, घातक गोळी बदलली, डबी नातसुनेकडे गेली. त्या पूर्वीच्या झाल्या असें म्हणवत नाहीं. रहस्य अजूनही एखादवेळीं दोनदां घेतलें जातें, पण मागच्या बाकावरचीं पोरें आतां हंसत नाहींत. तींही आजींबरोबर दोनदां म्हणतात.

शेवटीं उपवासाविषयीं, कारण तेथें चूक आमची आहे व दुरुस्तही आम्हींच केली पाहिजे. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणें राखेच्या बुधवारचा व गुड फ्रायडेचा उपवास वयाच्या साठाव्या वर्षास आरंभ झाला कीं बंधनकारक राहत नाहीं; आणि आजाऱ्यास तर तो कोणत्याच वयांत नाहीं. पवित्र कम्युनियनपूर्वीं एक तास कांहीं खाऊं नये असा नियम आहे. परंतु वृद्ध, आजारी, आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांनीं त्या तासाच्या आंत खाल्लें असलें तरी त्यांना कम्युनियन घेतां येतें, असें धर्मविधानांत स्पष्ट लिहिलेलें आहे. औषध हें तर उपवास मोडणारें नव्हेच. पुष्कळ आजी आम्हांस म्हणतात, "फादर, आमच्या आईनं मध्यरात्रीपासून पाणी घेतलं नाही, मग आम्ही कसं घ्यावं?" त्यांच्या आईच्या काळीं नियम तसा होता, १९५३ पासून तो सैल होत आला, आणि १९६४ सालीं एक तासाचा झाला. तेव्हां जे मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतात त्यांनीं न्याहारी करूनच मिस्सेला यावें. येतांना खिशांत किंवा बटव्यांत खडीसाखर असूं द्यावी, आणि मिस्सा चालू असतां घाम फुटला, डोळ्यांपुढें अंधारी आली, तर ती तेथेंच तोंडांत टाकावी. लोक पाहतील, तर पाहोत. खडीसाखर नसल्यास साक्रिस्तीच्या दारापाशीं आम्हीं साखरेची बरणी व पाण्याचा तांब्या ठेविला आहे. घंटा वाजविणाऱ्या मुलांस तो कोठें आहे तें ठाऊक आहे.

आतां अकरा वाजले. शाळेच्या पडवींत साखर व रक्तदाब तपासण्याची व्यवस्था केलेली आहे. औषधांचे डबे घेऊन या म्हणून गेल्या रविवारीं सांगितलें होतें. ज्यांनीं आणले आहेत त्यांनीं ते डाव्या बाजूच्या टेबलावर उघडून ठेवावे, तेथें डॉक्टरीण बाई बसल्या आहेत. ज्यांनीं सकाळीं गोळी घेतली आहे व अद्याप कांहीं खाल्लेलें नाहीं, त्यांनीं कृपा करून रांगेंत उभें राहूं नये. आधीं मागच्या दारीं जाऊन पोहे खावेत. आणि आपण गोळी घेतली कीं नाहीं हें ज्यांस आठवत नसेल, त्यांनीं लाजूं नये, दुसरी घेऊं नये, सरळ आमच्याकडे यावें.